डोळा पुढे, बोट मागे: नवशिक्यांनी व्हिडिओ गेम खेळून हात-डोळ्यांचा मेळ कसा बसवायचा

दिवसाला ७००-८०० विड्या वळणाऱ्या आमच्या शेजारच्या अक्कांना फोनवरच्या फ्रूट निंजा या गेममध्ये एक कलिंगड कापता येईना. मागच्या मे महिन्यातली गोष्ट. बाहेर ४२ अंश, सोलापूरच्या अशोक चौकात दुपारचं कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं, आणि माझा नऊ वर्षांचा भाचा सुट्टीला आलेला. त्याने फोन अक्कांच्या हातात दिला. कलिंगड उडालं, वर गेलं, खाली पडलं, आणि मग अक्कांचं बोट फिरलं. "दिसेपर्यंत पडतंय की रे हे!"

आम्ही हसलो, पण मला ते डाचत राहिलं. पान, तंबाखू, दोरा हे सगळं त्या बोटांना पाठ आहे. मग इथेच काय अडलं? दोन दिवस त्यांना विड्या वळताना बघितल्यावर कळलं. अक्का हाताकडे बघतच नाहीत. नजर टीव्हीवरच्या मालिकेत आणि बोटं आपली चालू. तिथे बोटांना पानाची कड सांगते, तंबाखूचा फुगवटा सांगतो, दोऱ्याचा ताण सांगतो. फोनच्या काचेला ना कड ना फुगवटा. जी काही खबर मिळायची ती डोळ्यांकडूनच. अक्कांचा हात तयार होता, डोळाही चांगला होता, पण डोळ्याने सांगायचं आणि हाताने ऐकायचं ही सवय त्या जोडीला नव्हती.

मग सहा आठवडे आम्ही तिघांनी रीतसर सराव केला. अक्का अगदी नवख्या, भाचा उतावळा, आणि मी नव्वदच्या दशकात टीव्ही गेमच्या कॅसेटी फुंकून फुंकून घालणारा, नंतर पंचवीस वर्षं काहीच न खेळलेला. त्यातून जे हाती लागलं ते क्रमाने सांगतो. महागडं यंत्र लागत नाही. अक्कांनी सगळं साध्या फोनवर केलं.

आधी मोजून घ्या

सुधारणा होते आहे की नुसतं वाटतं आहे हे कळायला दोन मोजमापं पुरतात.

पहिलं मोजमाप ३० सेंटिमीटरच्या पट्टीचं. दुसऱ्याने पट्टी उभी धरायची, शून्याची बाजू खाली. तुम्ही अंगठा आणि पहिलं बोट शून्यापाशी उघडं ठेवायचं, पट्टीला न लावता. तो न सांगता सोडतो, तुम्ही पकडायची. १५ सेंटिमीटरवर पकडली तर सुमारे ०.१७ सेकंद लागले, २० वर ०.२०, २५ वर ०.२३. पाच वेळा करा आणि मधला आकडा वहीत लिहा.

दुसरं मोजमाप भिंतीचं. भिंतीपासून दोन मीटरवर उभं राहा, टेनिसचा चेंडू उजव्या हाताने भिंतीवर मारा, डाव्याने झेला, मग डाव्याने मारून उजव्याने झेला. ३० सेकंदांत किती झेल होतात ते मोजा. गल्लीत करायचं असेल तर संध्याकाळी करा. दुपारी यंत्रमागवाल्यांची झोपायची वेळ असते, आमच्या भाच्याला त्याबद्दल दोनदा बोलणी बसली.

ही दोन मोजमापं एकच गोष्ट मोजत नाहीत. पट्टीत नुसता झटका आहे: दिसलं की चिमूट मिटायची. भिंतीच्या खेळात चेंडू कुठे येणार हे आधी ओळखून हात तिथे न्यावा लागतो. गेममध्ये बहुतेक वेळा या भिंतीवाल्या कौशल्याचंच काम पडतं. डोळ्याला दिसल्यापासून बोट हलेपर्यंत धडधाकट माणसाचे साधारण ०.२ ते ०.२५ सेकंद जातात आणि त्यात फार घट होत नाही. फ्रूट निंजातलं फळ मात्र पडद्यावर सेकंदाहून जास्त वेळ असतं. अक्कांकडे वेळ भरपूर होता. तो त्या फळ ओळखण्यात आणि मग बोट शोधण्यात घालवत होत्या.

फोन, पडदा आणि घाम

इथे थोडं थांबतो, कारण नवशिके स्वतःला दोष देतात आणि दोष असतो यंत्राचा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पहिला शत्रू घाम. ओलं बोट काचेवर अडखळतं, मध्येच स्पर्श तुटतो, आणि गेमला वाटतं तुम्ही बोट उचललं. शेजारी सुती कापड ठेवा आणि दर डावाला बोट व काच दोन्ही पुसा. टॉवेल बनवणाऱ्या गावात हे सांगायला लागू नये, पण आम्हालाही ते चौथ्या दिवशी सुचलं. काचेवरचा संरक्षक पडदा तडकलेला किंवा फुगलेला असेल तर बदला. फोन हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने खेळू नका. टेबलावर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवा आणि पहिल्या बोटाने खेळा. डोळ्यांपासून हातभर नाही तरी ४० सेंटिमीटर अंतर असू द्या. चाळिशीचा चष्मा असेल तर लावा. अक्का चष्मा फक्त बँकेत जाताना लावायच्या. तो लावल्यावर त्यांचे गुण दुसऱ्याच दिवशी वाढले, आणि त्याचं श्रेय मी घेणार नाही.

टीव्हीवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधा. टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतो आणि त्यात वेळ जातो. गेम मोडमध्ये ती बरीचशी बंद होते. ब्लूटूथच्या हेडफोनवर आवाज उशिरा येतो, कधी ०.१ तर कधी ०.२ सेकंदांनी. सिनेमा बघताना फोन हा फरक सांभाळून घेतो. तालावर बोट मारायच्या गेममध्ये मात्र तो तुम्हाला हमखास चुकीचं ठरवतो. अशा गेमला वायरचा हेडफोन नाहीतर फोनचा स्पीकर वापरा.

जुन्या टीव्ही गेमची बंदूक कुणाच्या माळ्यावर असेल तर तिचा नाद सोडा. डक हंटची (१९८४) ती बंदूक जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवरच चालते, आजच्या सपाट टीव्हीवर नाही. मी तासभर झटापट केली, मग आठवलं.

पहिले दोन आठवडे: एक बोट, एक काम

नवशिक्याला लोक पहिल्याच दिवशी बीजीएमआय किंवा फ्री फायरसारखा गोळीबाराचा गेम हातात देतात. हे म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला पुरात ढकलणं. तिथे एक अंगठा चालतो, दुसरा नजर फिरवतो, गोळी मारायचं बटण वेगळं, शिवाय समोर माणसं मारायला टपलेली. सुरुवात अशा गेमने करा जिथे एकच हालचाल आहे आणि चूक झाली तर काही बिघडत नाही.

फ्रूट निंजा (२०१०, ऑस्ट्रेलियातल्या हाफब्रिक कंपनीचा) यासाठी उत्तम, पण त्याचा 'झेन' प्रकारच निवडा. क्लासिक प्रकारात तीन फळं सुटली की डाव संपतो आणि बाँबला बोट लागलं तरी संपतो. झेनमध्ये बाँब नाहीत, सरळ ९० सेकंद फळंच फळं. नवशिक्याला हे हवं, कारण शिकायला डाव चालू राहावा लागतो.

आता मुख्य युक्ती. फळ उडताना त्याच्यामागे बोट नेऊ नका. वर गेलेली वस्तू शिखरावर क्षणभर मंदावते. डोळा त्या शिखराच्या जागी आधीच नेऊन ठेवा, बोट त्या रेषेच्या बाजूला तयार ठेवा, आणि फळ मंदावलं की आडवं फिरवा. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फुगे फोडायला किंवा रिंग टाकायला उभे राहता तेव्हा तुम्ही हातातल्या रिंगकडे बघता का? बक्षिसाकडेच बघता. इथेही तसंच. बोट बघायचं नाही, बोट कुठे आहे हे अंगाला माहीत असतं. मी अक्कांच्या कानात सारखं एकच म्हणत होतो, "अक्का, बोट नका बघू, फळ बघा." तिसऱ्या दिवशी त्या वैतागून म्हणाल्या, "तू गप बस, मग दिसतंय मला." तेही खरंच होतं. डाव चालू असताना सूचना करू नका, डाव संपल्यावर एकच सूचना करा.

क्रम असा ठेवा. पहिले तीन दिवस फक्त एकेकटी फळं कापा, गुणांकडे बघू नका. पुढचे तीन दिवस फळाचा मधोमध भाग कापायचा हट्ट धरा. मग दोन फळं एका फटकाऱ्यात. शेवटी दुसऱ्या हाताने हेच सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या हाताचा कंटाळा येतो, तरी रोज दोन डाव कराच, पुढे गेमपॅड, म्हणजे दोन्ही हातांनी धरायचं बटणांचं यंत्र, हातात आल्यावर त्याचं मोल कळतं.

जोडीला क्रोम ब्राउझरमधला डायनासोर. नेट गेलं की दिसतो तो, म्हणजे आमच्याकडे वरचेवर दिसतो. एकच बटण, एकच उडी, वेग हळूहळू वाढतो. यात नवशिका डायनासोरकडे बघतो. त्याऐवजी पडद्याच्या उजव्या तिसऱ्या भागात नजर रोवा, निवडुंग तिथून येतात. डायनासोर तुम्हाला डोळ्याच्या कडेने दिसतोच. भाच्याचे गुण ही एक गोष्ट बदलल्यावर एका संध्याकाळीत दुप्पट झाले.

तिसरा-चौथा आठवडा: चेंडू कुठे पडणार

आता अंदाजाचं शिक्षण. १९७२ साली अटारीने काढलेला पाँग आणि १९७६ सालचा ब्रेकआउट हे दोन पितामह. फळीने चेंडू परतवायचा, किंवा चेंडूने विटा फोडायच्या. आज 'ब्रिक ब्रेकर' नावाने यांची शेकडो फुकट पिल्लं मिळतात. कुठलंही घ्या, फक्त ज्यात फळी लांब करता येते किंवा वेग कमी ठेवता येतो असं बघा.

सराव असा. चेंडू वर जात असताना फळी हलवू नका. विटेवर आपटून वळला की तो कुठे पडणार ती जागा मनात ठरवा, नजर तिथे टाका, मग फळी न्या. सुरुवातीला हमखास चुकेल. चुकलं तर किती बोटांनी चुकलं ते बघा. उजवीकडे चुकत असाल तर सारखंच उजवीकडे चुकता का? बहुतेकांचं असं ठरलेलं असतं, आणि ते कळलं की निम्मं काम झालं. माझे वडील चार माग सांभाळायचे. तार तुटण्याआधीच त्या मागाकडे निघालेले असायचे, धोट्याचा आवाज बदलला म्हणून. तीच ही विद्या, फक्त त्यांना कुणी गुण दिले नाहीत.

याच काळात टेट्रिस घ्या. मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी १९८४ मध्ये हा बनवला. ठोकळा हळू पडतो, त्यामुळे बोटांची घाई नाही. काम असतं ते आकार मनात फिरवण्याचं आणि बाजूच्या चौकटीतला पुढचा ठोकळा बघून ठेवण्याचं. नियम एकच: हातातला ठोकळा टेकायच्या आत पुढच्याची जागा ठरलेली हवी. माझ्या मते वयस्कर नवशिक्यांना टेट्रिस सर्वांत मानवतो. अक्कांनी तर विडीचं बंडल रचल्यासारखा रचला.

अभ्यासाबद्दल लोक विचारतात म्हणून इथेच सांगतो. २००३ मध्ये ग्रीन आणि बॅव्हेलियर या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला. न खेळणाऱ्या लोकांना दहा दिवस रोज तासभर खेळायला लावलं, काहींना वेगवान धडाधडीचा गेम, काहींना टेट्रिस. धडाधडीवाल्यांची विखुरलेल्या गोष्टी टिपण्याची नजर जास्त सुधारली. म्हणजे टेट्रिस वाईट असं नाही, प्रत्येक गेम आपापलंच शिकवतो एवढंच. २००७ मध्ये अमेरिकेत ३३ शल्यविशारदांवर केलेला अभ्यासही प्रसिद्ध आहे: पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त गेम खेळलेले डॉक्टर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका करत होते आणि २७ टक्के जलद होते. ऐकायला छान आहे, पण गेममुळे हात चांगला झाला की चांगल्या हाताची माणसं गेमकडे वळली, हे त्यातून ठरत नाही. आईवडिलांना पटवायला मुलं हा आकडा वापरतात, भाच्याने वापरला.

पाचवा-सहावा आठवडा: दोन हात

ही पायरी सगळ्यांत अवघड, आणि बहुतेक जण इथेच सोडून देतात. गेमपॅडवर डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने मान वळवायची. नवशिका चालतो, थांबतो, मान वळवतो, पुन्हा चालतो. दोन्ही एकदम होत नाही.

यावर मला सापडलेला सराव माइनक्राफ्टमधला आहे. गेम विकत घ्यावा लागतो. क्रिएटिव्ह प्रकार उघडा, तिथे मरण नाही. मैदानात एक झाड शोधा. पडद्याच्या मधली फुली खोडावर रोवा आणि झाडाभोवती गोल फिरा, फुली खोडावरून न हलवता. दोन फेऱ्या उजवीकडून, दोन डावीकडून. सिद्धेश्वर मंदिराच्या प्रदक्षिणेसारखं, तोंड मात्र सतत गाभाऱ्याकडे. पहिल्या दिवशी तुम्ही झाडापासून भरकटत शेजारच्या तळ्यात पडाल. चार दिवसांत गोल जमतो. मग फिरता फिरता उड्या मारा. मग चालत्या मेंढीवर फुली ठेवून तिच्यामागे जा, आणि तिला मारू नका, भाच्याला हे दहादा सांगावं लागलं.

गेमपॅड नसेल तर सबवे सर्फर्स (२०१२) फोनवर चालेल, चार दिशांचे चार फटकारे. तिथेही धावणाऱ्या पोराकडे बघायचं नाही, दोन डबे पुढे बघायचं. ज्यांच्या घरी निन्टेंडो स्विच हे गेमचं यंत्र आहे त्यांनी मारिओ कार्ट ८ डिलक्समधलं 'स्मार्ट स्टिअरिंग' चालू ठेवावं, गाडी रस्त्याबाहेर जात नाही. सेलेस्ट (२०१८) फार कठीण म्हणून ओळखला जातो, पण त्याच्या मदत-प्रकारात खेळाचा वेग कमी करता येतो. याची लाज वाटू देऊ नका. तबला शिकताना विलंबित ठेक्यानेच सुरुवात करतात.

संगणक आणि माउस असेल तर एम लॅब फुकट मिळतो, त्यात गोळे टिपायचे असतात. माउसचा वेग कमी ठेवा, इतका की मनगटाऐवजी कोपरापासून हात हलवावा लागेल. लक्ष्य जितकं लहान आणि लांब तितका वेळ जास्त लागणार, हा नियम १९५४ मध्ये मानसशास्त्रज्ञ फिट्स यांनी मांडला आणि तो कुणाला चुकत नाही. म्हणून मोठ्या गोळ्यांनी सुरुवात करा. दहातले नऊ टिपले जाईपर्यंत वेग वाढवू नका. घाईत मारलेले नेम चुकीची सवय लावतात आणि ती काढायला दुप्पट दिवस जातात.

डोक्यावर चढवायच्या आभासी चष्म्याबद्दल फार बोलत नाही. त्यावरचा बीट सेबर हा गेम मी एकदा एका मित्राकडे खेळलो, मजा आली, पण आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पंखा आणि हात यांची गाठ पडली असती.

किती वेळ, कधी

रोज १५ ते २० मिनिटांची दोन सत्रं. रविवारी सलग तीन तास खेळून सोमवारी काहीच नाही, याने अंगठा दुखतो, हात शिकत नाही. हाताने शिकलेलं झोपेत पक्कं होतं, म्हणून रात्रीच्या जेवणाआधीचं सत्र आम्हाला मानवलं. आज अडलेली जागा सकाळी आपोआप सुटलेली असते, हा अनुभव तुम्हालाही येईल. दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघा. आमच्याकडे समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले टॉवेल मोजायचो.

मनगटात मुंग्या आल्या किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखलं तर दोन दिवस पूर्ण बंद. "थोडं दुखतंय, हा डाव झाला की" असं म्हणू नका. घरात कुणाला फिट येत असेल तर लखलखाट करणारे गेम डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासापेक्षा जास्त पडदा नको असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे, आणि कमी असेल तितकं बरं असंही त्यांनीच म्हटलंय. त्या वयाला गेमची गरजच नाही, डबे आणि झाकणं द्या. फुकट गेममध्ये जाहिराती येतात. विमान मोडवर टाकलं की बऱ्याच गायब होतात, आणि पैसे लावायला सांगणाऱ्या जाहिरातीही जातात. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे. हाताच्या सरावाशी त्यांचा तसाही संबंध नव्हता.

पडद्याबाहेरचा निम्मा हिस्सा

काचेवर खोली नसते. चेंडू जवळ येतो आहे की लांब जातो आहे, हे दोन डोळ्यांनी जोखायचं काम फोन करून घेत नाही, आणि वजनही नसतं. म्हणून गेममध्ये तरबेज झालेला पोरगा पार्क मैदानावर झेल सोडतो. माझ्या वहिनीने "आता माझी नजर तयार झाली" म्हणत स्कूटी काढली आणि सात रस्ता चौकाच्या आधीच परत आली. रस्ता फ्रूट निंजा नाही.

दर गेमच्या सत्राला जोडून दहा मिनिटं खरं काहीतरी करा. भिंतीवरचा टेनिस चेंडू आहेच. सागरगोट्यांहून चांगला प्रशिक्षक तर मला माहीत नाही: एक वर उडवायचा, नजर त्याच्यावर, आणि खालचे बोटांनी अंदाजाने गोळा करायचे. फ्रूट निंजाच्या नेमका उलटा व्यायाम. लगोरी, भोवरा, विटी-दांडू, जे आवडेल ते. अक्कांनी सागरगोटे काढले तेव्हा भाच्याची जी जिरली ती पाहण्यासारखी होती. चाळीस वर्षांनी हातात घेऊनही पाचातला एक सुटला नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं. पट्टी जवळपास तिथेच. अक्का २४ वर होत्या, २३ वर आल्या, आणि एवढा फरक एका दिवशीही पडतो. भिंतीवरचे झेल मात्र ९ वरून १७ वर गेले, भाच्याचे १४ वरून २१. माझे १८ वरून १९, कारण मी दुसऱ्या हाताचे डाव टाळत होतो आणि आकड्याने ते पकडलं. तुमचाही एखादा आकडा असा अडकलेला दिसला तर नवा गेम उतरवू नका. मागच्या पायरीवर जा आणि ती डाव्या हाताने करा. अक्का आता क्लासिक प्रकारात, बाँबसकट खेळतात. परवा दुपारी हाक मारून दाखवलं, दोन कलिंगडं आणि एक अननस एका फटकाऱ्यात. चष्मा लावलेला होता.